अलगद

जगाच्या आरंभाची आपल्या मनातली चित्रं फार आवाज करणारी आहेत. समुद्र घुसळायचा, मंदार पर्वताची रवी करायची, वासुकीचा दोर, दोन्ही बाजूंनी ओढाताण, आधी हलाहल आणि मग रत्नं. विज्ञानानं हाती दिलेली चित्रंही त्याच जातीची. पृथ्वी नुकती कुठे आकाराला येत होती तेव्हा मंगळाएवढा एक गोळा तिच्यावर येऊन आदळला आणि उडालेल्या मालातून चंद्र झाला. त्या चंद्रावर पुढे इतके मार बसले की त्याचे व्रण आजही साध्या दुर्बिणीतून मोजता येतात. आघात म्हटलं की मराठी माणसाला लोणार आठवतं. काळ्या बसाल्टमध्ये पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा पाडायला अवकाशातून आलेला एकच दगड पुरला. त्यामुळे ग्रह तयार झाले म्हणजे मोठमोठे दगड एकमेकांवर आपटत, फुटत, वितळत गेले, असं आपण गृहीत धरतो. शेवटच्या टप्प्यांपुरतं ते खरंही आहे. पण पहिल्या टप्प्याचं काय? धुळीपासून पहिली टेकडी कशी झाली? तेव्हाही असाच दणका होता का?

हा प्रश्न मला फार दिवस छळत आला आहे आणि त्याचं उत्तर ज्या वस्तूनं दिलं तिच्याबद्दल मला मनापासून माया आहे. तिचं नाव ॲरोकॉथ. सूर्यापासून सुमारे साडेसहा अब्ज किलोमीटरवर, प्लूटोच्याही दीडेक अब्ज किलोमीटर पलीकडे, कायपर पट्ट्यात फिरणारा हा एक छोटा बर्फाळ पिंड. लांबी साधारण ३५ किलोमीटर, म्हणजे १८५३ साली आपल्याकडची पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली जवळपास तेवढीच. सूर्याभोवतीची त्याची एक फेरी २९८ वर्षांची आहे. आत्ता चालू असलेली फेरी सुरू केली असेल तेव्हा तो आज आहे तसाच होता. शंभर फेऱ्यांपूर्वीही तसाच होता. लक्षावधी फेऱ्यांपूर्वीही बहुतेक तसाच होता, आणि त्याचं सारं मोल यातच आहे.

त्याच्यापर्यंत माणूस कसा पोहोचला, ते आधी सांगायला हवं.

न्यू होरायझन्स हे यान १९ जानेवारी २००६ रोजी निघालं आणि १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोजवळून गेलं. प्लूटोनंतर आणखी दूरचा एखादा पिंड पाहायचा, हे पहिल्यापासून योजनेत होतं. कुठला पिंड, हे मात्र कुणालाच सांगता आलं नसतं, कारण यान निघालं तेव्हा ॲरोकॉथ कुणाला माहीतच नव्हता. ज्या गावाचा पत्ता नाही त्या गावाला निघालेल्या माणसांबद्दल मला आदर वाटतो. इथे तर पत्ता वाटेत शोधायचा होता, आणि टाकीत उरलेल्या थोड्याशा इंधनावर वळून जाता येईल एवढ्या अंतरातच तो सापडायला हवा होता. २०११ पासून पृथ्वीवरच्या मोठ्या दुर्बिणींनी शोध घेतला. नवे पिंड मिळाले, पण यानाच्या आवाक्यातला एकही नाही. अडचण दिशेची होती. यान धनु राशीच्या दिशेनं चाललं होतं आणि तिकडेच आकाशगंगेचा गाभा आहे, ताऱ्यांची नुसती खच्चून दाटी. आपल्याकडच्या आकाशप्रेमींचं तर हे जुनं दुःखच आहे: धनु रास मध्यरात्री दक्षिणेला ऐन भरात येते ती नेमकी ढगांच्या महिन्यांत. पण ज्यांना तिथे मेघ आडवे आले नाहीत त्यांनाही त्या गर्दीतून एक हलता ठिपका वेचता येईना.

शेवटी हबल दुर्बिणीचा वेळ मिळाला. २६ जून २०१४ रोजी घेतलेल्या छायाचित्रांत मार्क बुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो ठिपका सापडला. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याच्याही सुमारे वीस कोटी पटींनी मंद. लागोपाठच्या चित्रांत ताऱ्यांच्या मानानं तो किंचित सरकला होता, एवढीच त्याची ओळख. त्याला २०१४ एमयू६९ असा क्रमांक मिळाला. पुढच्याच वर्षी प्लूटोची भेट आटोपल्यावर यानानं आपला मार्ग जरासा वळवला आणि त्या ठिपक्याच्या दिशेला लागलं.

पण ठिपका म्हणजे काय? केवढा? गोल की लांबट? एक की दोन? हबललाही तो ठिपकाच दिसत होता. तिथे खगोलशास्त्रातली एक फार जुनी आणि मला सर्वांत प्रिय असलेली युक्ती कामाला आली, ती म्हणजे पिधान.

पिधान मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांच्या गच्चीवर. चंद्र रोहिणीला झाकणार होता. दुर्बिणीत चंद्राची अंधारी कड दिसत नव्हती, ती कुठे असावी याचा अंदाज तेवढा होता, आणि त्या अंदाजाच्या अलीकडे रोहिणी तांबूस जळत होती. "आता डोळा काढू नका हं," सर म्हणाले. मी श्वास रोखून पाहत होतो. तारा मंद होत जाईल, विझेल, अशी माझी कल्पना. तसं काहीच झालं नाही. रोहिणी होती आणि मग नव्हती. मधलं काही नाहीच. सरांनी लगेच वेळ टिपली आणि मला म्हणाले, "चंद्राला हवा असती, तर ती आधी थरथरली असती." एक तारा अदृश्य होण्याच्या रीतीवरून चंद्राच्या हवेचा निकाल लागतो, हे मला त्या रात्री डोळ्यांनी पाहून पटलं.

त्याच युक्तीनं माणसानं सूर्यमालेतली बरीच झाकलेली पानं उलगडली आहेत. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून गेला तेव्हा तारा झाकला जाण्याआधीच पुन्हा पुन्हा लुकलुकला, आणि त्यातून युरेनसभोवतीची कडी उघडकीला आली. तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतूनही त्या रात्री हे पाहिलं गेलं होतं. २०१३ मध्ये तसंच कारिक्लो नावाच्या एका लहानशा बर्फाळ पिंडाभोवतीही कडी सापडली. एवढ्याशा पिंडाला कडी असतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

ॲरोकॉथच्या बाबतीत हिशेब असा होता. तारा इतका दूर असतो की त्याचा प्रकाश जवळपास समांतर येतो. त्यामुळे पिंड ताऱ्यासमोरून गेला की पृथ्वीवर त्याची जी सावली पडते ती त्याच्याच मापाची असते. सावली ३० किलोमीटर रुंद, तर पिंडही तेवढाच. ती सावली पृथ्वीवरून सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर वेगानं धावत जाते. तिच्या वाटेवर ओळीनं दुर्बिणी मांडून ठेवल्या, तर प्रत्येक दुर्बिणीतला तारा किती वेळ गेला यावरून सावलीचा एकेक आडवा छेद मिळतो आणि छेद शेजारी-शेजारी ठेवले की आकार उमटतो. फक्त सावली कुठून जाणार हे अचूक ठाऊक हवं. गाया या युरोपीय उपग्रहानं ताऱ्यांची स्थानं नव्यानं, कमालीच्या बारकाईनं मोजली होती. त्या मोजणीशिवाय हा खेळ जमलाच नसता. तरीही पहिला डाव फसला. ३ जून २०१७ रोजी अर्जेंटिनात आणि दक्षिण आफ्रिकेत माणसं दुर्बिणी लावून बसली आणि कुणाचाच तारा क्षणभरही हलला नाही.

दुसरा डाव १७ जुलैचा. जागा अर्जेंटिनातली, पॅटागोनियातल्या कोमोदोरो रिवादाविया शहराच्या आसपासची. जुलै म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा, आणि वारा असा की दुर्बीण उभीच राहू देईना. सावलीच्या वाटेवर आडव्या चोवीस दुर्बिणी मांडायच्या होत्या. त्या रात्री त्या शहरानं जे केलं ते वाचलं तेव्हा माझा विश्वास बसेना. रस्त्यांवरचे दिवे मालवले गेले. महामार्गावरची वाहतूक दोन तास थांबवली, कारण गाड्यांच्या दिव्यांचा झोत दुर्बिणींवर आला असता. वाऱ्याला आडोसा म्हणून लोकांनी ट्रक आणून उभे केले. आपल्या आयुष्याशी ज्याचा कसलाही संबंध नाही अशा एका पिंडाची सावली सेकंद-दीड सेकंद आपल्या गावावरून जाणार, ती नीट पाहता यावी, म्हणून एका गावानं स्वतःला अंधारात बसवलं. विज्ञानाच्या इतिहासात मोठ्या प्रयोगशाळांची वर्णनं खूप असतात. मला त्यांत या ट्रकवाल्यांना जागा मिळायला हवी आहे.

चोवीसपैकी पाच दुर्बिणींतून तारा गेला आणि परत आला. पाच रेघा. त्या शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं, की हा एक गोळा नाही. एक तर खूप लांबोडका आहे, नाही तर एकमेकांना चिकटलेले किंवा अगदी लगटून फिरणारे दोन गोळे आहेत. यान अजून दीड वर्ष दूर होतं आणि सावलीनं अर्धं गुपित सांगून टाकलं होतं.

एक कोडं मात्र उरलं. दोन गोळ्यांची वस्तू स्वतःभोवती फिरत असेल, तर कधी रुंद बाजू समोर येईल, कधी अरुंद. मग तिचं तेज कमी-जास्त व्हायला हवं. ॲरोकॉथचं तेज जराही बदलत नव्हतं. यान जवळ येत गेलं तरी नाही. उकल झाली ती शेवटच्या काही तासांत. फिरण्याचा आस बराचसा आपल्याकडे रोखलेला होता, त्यामुळे जे दिसायचं ते सगळं एकाच बाजूनं, गरगर फिरत. एक फेरी जवळजवळ १६ तासांची.

१ जानेवारी २०१९ रोजी, आपल्याकडे सकाळचे ११ वाजून ३ मिनिटं झालेली असताना, न्यू होरायझन्स ॲरोकॉथपासून ३,५३८ किलोमीटरवरून गेलं. वेग सेकंदाला सुमारे १४ किलोमीटर; त्या वेगानं मुंबईहून पुण्याला पोहोचायला दहा-अकरा सेकंद लागतील. इतक्या वेगात थांबता येत नाही, वळता येत नाही, चुकलेलं चित्र पुन्हा घेता येत नाही. यान आपलं तोंड पिंडाकडे करून कामात होतं, त्यामुळे त्याच्याकडून लगेच काही कळणार नव्हतं. मग त्यानं पृथ्वीकडे तोंड वळवलं, आणि प्रकाशाच्या वेगानं निघालेला निरोपही सहा तास वाटेत होता. तो पोहोचला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ होत आले होते. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी माझ्या घरी पाहुणे होते. जेवणं चालू होती, कुणी तरी मला ताट वाढत होतं आणि मी मोबाइलवर मेरीलँडमधल्या नियंत्रण कक्षातली माणसं पाहत होतो. पडद्यावर एकेक यंत्रणा ठीक असल्याचं सांगितलं जाऊ लागलं आणि त्या खोलीतले सगळे उभे राहिले.

मग चित्रं आली. आधी धुरकट, मग स्पष्ट, शेवटी इतकी बारीक की चित्रातल्या एका टिंबात ३३ मीटरचा पृष्ठभाग. सगळी माहिती पृथ्वीवर उतरायला पुढे दीड-दोन वर्षं लागणार होती, कारण इतक्या दुरून सेकंदाला एक-दोन हजार बिट्सच येऊ शकत. पहिल्या चित्रांवरून वर्तमानपत्रांनी त्याला बर्फाचा बाहुला म्हटलं, आणि महिनाभरानं ते बदलावं लागलं. पिंडाला ओलांडून गेल्यावर यानानं मागे वळून जी चित्रं घेतली होती, त्यांत ॲरोकॉथची नुसती उजळ कोर होती आणि बाकीचा भाग काळोखात. पण त्या काळोखानं मागचे कोणते तारे झाकले, कोणते नाही, यावरून आकार काढता आला. इथेही पुन्हा पिधानच. निघालं असं, की गोळे गोल नाहीतच. मोठा तुकडा २० किलोमीटरहून थोडा लांब-रुंद आणि जाडीला जेमतेम नऊ किलोमीटर, असा चपटा. धाकटा पंधरा किलोमीटरच्या आसपास आणि त्याच्यापेक्षा गुबगुबीत. मोठ्याला वेनू नाव दिलं आहे, धाकट्याला वीयो, आणि दोघांना जोडणाऱ्या उजळ मानेच्या रेषेला आकाश.

ही मान नीट पाहण्यासारखी आहे. मी त्या चित्राची मोठी छपाई करून घेतली आहे आणि ती टेबलासमोर लावली आहे. दोन तांबड्या, काहीशा खडबडीत तुकड्यांच्या मधोमध एक फिकट पट्टा. त्याच्या दोन्ही बाजूंना भेगा शोधाव्यात, चिरडल्याच्या खुणा शोधाव्यात, कडा उलटून आलेल्या शोधाव्यात. काही नाही. ३५ किलोमीटरची वस्तू दोन तुकड्यांच्या गाठीतून झाली आणि गाठीच्या जागी एक ओरखडा नाही. शास्त्रज्ञांनी संगणकावर ही टक्कर वेगवेगळ्या वेगांनी घडवून पाहिली. सेकंदाला दहा मीटरनं आदळवलं, तर तुकड्यांचा आकारच बिघडतो. पाच मीटरनंही मान अशी बारीक राहत नाही. तीन मीटरच्या आतबाहेर, तेही समोरासमोर न येता तिरकं, कडेनं घासत आले, तर मात्र हुबेहूब ॲरोकॉथ तयार होतो. सेकंदाला तीन मीटर म्हणजे तासाला दहा-अकरा किलोमीटर. सकाळी मैदानावर धावायला येणारी माणसं याच वेगानं धावतात.

आणखी एक पुरावा याहून सुंदर आहे. दोन्ही तुकड्यांचे आस एकमेकांशी जवळजवळ तंतोतंत जुळलेले आहेत, चपट्या बाजू एकाच पातळीत. कुठून तरी दोन अनोळखी दगड आले आणि योगायोगानं चिकटले, तर असं जुळणं शक्य नाही. म्हणजे हे दोघे आधीपासून जोडीनं होते. एकमेकांभोवती फिरत होते, एकमेकांच्या ओढीनं दोघांच्या बाजू एकमेकांसमोर स्थिरावल्या होत्या, आणि मग हळूहळू फेरा लहान होत होत ते टेकले. रंगही दोघांचा एकच, कारण माती एकच.

आणि ही माती जमली कशी, हा तर मूळ प्रश्न. जुनी कल्पना अशी, की कण कणाला चिकटून खडा झाला, खडा खड्यावर आपटून धोंडा, धोंडे आपटून डोंगर. तिच्यात एक अडचण होती. धोंड्याएवढ्या वस्तू आपटल्या की चिकटण्याऐवजी फुटतात. २००५ साली अँड्र्यू यूडिन आणि जेरेमी गुडमन यांनी दुसरी वाट दाखवली. नवजात सूर्याभोवतीच्या तबकडीत धुळीबरोबर वायू होता आणि वायू खड्यांपेक्षा किंचित सावकाश फिरत होता. म्हणजे फिरणाऱ्या प्रत्येक खड्याला समोरून सतत वारा लागायचा, त्याचा वेग मोडायचा आणि तो सूर्याकडे घसरत जायचा. पण जिथे चार खडे जास्त जमले, तिथे वाऱ्याचा जोर कमी पडला, जसा समोरून वारा असताना घोळक्यानं सायकली हाकणाऱ्या मुलांना तो कमी लागतो. तो घोळका रेंगाळला, मागून घसरत येणारे त्यात सामील झाले, घोळका वाढला, आणि एका मर्यादेनंतर स्वतःच्याच गुरुत्वानं सगळा ढग एकदम आत बसला. कुणी कुणावर चालून गेलं नाही. अशा ढगाला फिरकी जास्त असेल तर तो एका पिंडात मावत नाही, त्याची जोडी होते. ॲरोकॉथची जोडी तशीच झाली असावी, असं चित्र २०२० च्या फेब्रुवारीत 'सायन्स'मध्ये आलेल्या शोधनिबंधांनी मांडलं. कागदावरचा सिद्धांत पंधरा वर्षं पुराव्याची वाट पाहत होता, आणि पुरावा साडेचार अब्ज वर्षं जागेवर होता.

पुढे २०२३ मध्ये ॲलन स्टर्न आणि सहकाऱ्यांनी मोठ्या तुकड्यावरचे उंचवटे मोजले. असे बारा उंचवटे, प्रत्येक साधारण पाच किलोमीटरचा, आकारानं, रंगानं, तेजानं एकमेकांसारखे. म्हणजे वेनूसुद्धा एकसंध नाही. तोही सारख्या मापाचे लहान पिंड हलकेच एकावर एक येऊन बसल्यानं झालेला असावा. मी समोरच्या चित्रात ते बाराही शोधायचा प्रयत्न करतो. सगळे सापडत नाहीत, पण जे सापडतात त्यांच्यामधल्या खोलगट रेषा एकदा दिसल्या, की मग दिसायच्या थांबत नाहीत.

कधी कधी मी तिथे उभं राहून बघतो, मनानं. पायाखाली तांबडा, गोठलेला मिथेनॉलचा बर्फ आणि सूर्यकिरणांनी युगानुयुगं रापवलेला कर्बी थर. थंडी उणे सव्वादोनशे अंशांच्या आसपास. हातातला खडा सोडला, तर तो जमिनीवर पोहोचायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागेल, आणि जरा जोरात भिरकावला तर तो परत येणारच नाही. सूर्याचं बिंब उरलेलं नाही, एक तीव्र बिंदू तेवढा. पृथ्वीवरच्या उन्हाच्या सुमारे एकोणीसशेव्या हिश्श्याचा उजेड. ऐकायला अंधार वाटतो, पण हिशेब केला तर तो पौर्णिमेच्या चांदण्याच्या दोनशे पट भरतो. म्हणजे तिथे दुपारी पुस्तक वाचता येईल. हे कळलं तेव्हा मला उगाच हायसं वाटलं. इतक्या दूरचा तो पिंड आंधळ्या काळोखात पडलेला नाही.

विवरं थोडी आहेत. धाकट्या तुकड्यावरच्या एका सात किलोमीटरच्या मोठ्या खड्ड्याखेरीज नाव घेण्यासारखं फार नाही. त्या भागात दगडच विरळ आणि जे आहेत त्यांचे आपसातले वेग कमी, म्हणून तडाखे थोडे. प्लूटोला नेपच्यूननं आपल्या चालीशी बांधून घेतलं, त्याची कक्षा तिरकी झाली, ताणली गेली. कितीतरी पिंडांना नेपच्यूननं पार कुठल्या कुठे उधळलं. ॲरोकॉथच्या वाटेला तो गेला नाही. त्याची कक्षा आजही जवळजवळ गोल आहे, सूर्यमालेच्या पातळीला दोन-अडीच अंशांनी कललेली, बस्स. पृथ्वीनं आपला आरंभ केव्हाच पुसून टाकला. सह्याद्रीचा आपला पुराणा कातळही साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे या हिशेबात कालचा. जे घडामोडींच्या केंद्रापाशी होतं ते वितळलं, मिसळलं, बदललं. जे काठावर पडून राहिलं त्याच्याकडे मूळ प्रत शिल्लक आहे. इतिहास लिहिणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. राजधानीतली दफ्तरं जळतात आणि दूरच्या एखाद्या वाड्यातल्या माळ्यावर कागद सापडतात.

नावाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. भेटीच्या वेळी या पिंडाला एक वेगळं टोपणनाव होतं. ते लोकांच्या सूचनांतून निवडलेलं होतं, पण त्यातल्या एका शब्दाचा जर्मनीतल्या वंशवादी मंडळींनी पूर्वी वापर केलेला होता, त्यावर आक्षेप आले आणि ते मागे पडलं. हबलचं आणि यानाचं काम जिथून चालतं त्या मेरीलँडची भूमी, चेसापीक उपसागराचा तो परिसर, मूळच्या पोहॅटन लोकांचा. त्यांच्यातल्या पामंकी जमातीच्या वडीलधाऱ्यांची संमती घेऊन त्यांच्या भाषेतलं, आभाळ या अर्थाचं नाव नोव्हेंबर २०१९ मध्ये पिंडाला दिलं गेलं. संमती घेतली, हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्यांची जमीन विचारल्याशिवाय गेली, त्यांचा शब्द तरी विचारून घेतला.

आता मला लागलेली हुरहुर वेगळी आहे. कायपर पट्ट्याच्या त्याच शांत भागात अशा जोड्या पुष्कळ आहेत. दुर्बिणींतून त्या दिसतात: जवळपास सारख्या मापाचे, सारख्या तांबड्या रंगाचे दोन-दोन पिंड, एकमेकांभोवती फिरत असलेले, अजून न टेकलेले. ॲरोकॉथचे दोघे टेकले, ते का? एक मत असं, की भोवती तेव्हा वायू होता, त्याच्या घर्षणानं त्यांचा फेरा आकसला. दुसरं मत असं, की दुरून सूर्यच त्यांची कक्षा हळूहळू लांबुळकी करत गेला आणि शेवटी ती इतकी ताणली की दोघांची गाठ पडली. दोन्ही मतांच्या बाजूनं चांगली माणसं आहेत. पहिलं खरं असेल, तर वायू विरून जाण्याच्या आत, सूर्यमालेच्या पहिल्याच काही दशलक्ष वर्षांत हे मीलन झालं. दुसरं खरं असेल, तर ते कितीतरी उशिरा झालेलं असू शकतं. हा फरक लहान नाही, आणि एकाच पिंडाकडे पाहून तो मिटणार नाही.

न्यू होरायझन्स अजून चाललं आहे. २०२४ मध्ये ते सूर्यापासून पृथ्वीच्या साठपट अंतरापलीकडे गेलं. टाकीत थोडं इंधन आहे. हवाईतल्या सुबारू दुर्बिणीनं त्याच्या वाटेवर आणखी एखादा पिंड शोधायचा खूप प्रयत्न केला; नवे पिंड सापडले, पोहोचता येईल असा एकही नाही. चिलीतल्या नव्या रुबिन वेधशाळेकडून आशा आहे. पण मला खरं हवं आहे ते दुसरंच यान, एखाद्या न टेकलेल्या जोडीकडे मुद्दाम पाठवलेलं. तिचे दोन्ही पिंड जवळून पाहायचे, त्यांच्यावर वेनूसारखेच उंचवटे आहेत का ते मोजायचे, त्यांच्यामधलं अंतर आजही कमी होतंय का तेही मोजायचं. असं यान उद्या निघालं तरी तिथे पोहोचायला दहा-पंधरा वर्षं लागतील, आणि उद्या ते निघणार नाही. तरी ते निघावं. सरांच्या गच्चीवर आता शाळेतली मुलं येतात, त्यांच्यापैकी कुणाला तरी ती चित्रं बघायला मिळावीत.